समोरासमोरची दाढी

नेलकटरच्या शेपटीला बारीक भोक असतं, ते कशासाठी, हे मला माहीत आहे. तुम्ही विचारलेलं नाही, पण मला कोणीच विचारत नाही आणि म्हणून मी काही सांगायचा थांबत नाही. ते भोक किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायला असतं. आतल्या कानशीचं टोक वाकडं असतं ते नखाखालचा मळ काढायला. केसांच्या काळ्या पिनेची एक बाजू सरळ आणि दुसरी नागमोडी असते. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, म्हणजे पीन घसरत नाही. बहुतेक बायका ती उलटी लावतात. हे शेवटचं वाक्य मी माझ्या बायकोसमोर, गीतासमोर, एकदाच बोललो.

विमा कंपनीच्या ऑफिसातून रिटायर झालो आणि मोबाइलवर असले व्हिडिओ बघता बघता मला हे वेड लागलं. लोक रिटायर झाल्यावर बुद्धविहारात जातात, नातवंडं सांभाळतात, निदान जमिनीच्या भानगडी तरी करतात. मी कंगव्याचे दाते तपासत बसलो. रुंद दाते गुंता सोडवायला, बारीक दाते केस बसवायला. केस वाळवायच्या मशीनवर थंड हवेचं बटण असतं, ते शेवटी दाबायचं, म्हणजे केसांचा आकार टिकतो. कात्रीच्या कानाला जी शेपटी असते ती करंगळी टेकवायला. हे सगळं मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. माझा धाकटा भाऊ संघपाल नांदेडला असतो. त्यानं मला ‘नेलकटर मास्तर’ असं नाव ठेवलं. मी ते कौतुक समजलो.

मुलीच्या, शिवानीच्या साखरपुड्यात तर मी कमालच केली. होणारे व्याही नामदेवराव पहिल्यांदाच हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या आमच्या घरी आलेले. जेवणं झाली, पान झालं, आणि मी त्यांच्या हातात नेलकटर ठेवला. “याचा दांडा उलटा का फिरतो, सांगा पाहू,” असं म्हणालो. ते भले गृहस्थ! त्यांना वाटलं, आमच्याकडे ही काही रीत असेल. त्यांनी मान खाली घालून तो आदरानं खिशात ठेवला. नंतर परत मागायला मला लाज वाटली. गीताला वाटली नाही. तिनं रस्त्यापर्यंत जाऊन तो आणला.

असा मी. आता आप्पांचं सांगतो.

आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्ती. अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात त्यांनी उभी नोकरी शिपाई म्हणून काढली. माणूस कमी बोलणारा, पण कपड्यांना इस्त्री आणि गाल गुळगुळीत. गावाकडून हैदराबादला आले तेव्हापासून रोज सकाळी स्वतःच्या हातानं दाढी. न्हाव्याकडे फक्त केस कापायला जायचे. ताप असो, बंद असो, कर्फ्यू असो, आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यांनी आधी दाढी केली आणि मग रडले. शिवानीच्या लग्नाला जेमतेम महिना राहिला असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं जवळजवळ पूर्ववत झालं, पण उजवा हात गेला. म्हणजे हात आहे, पण त्यात जोर नाही; चमचा धरला तर भात मांडीवर.

हातासोबत दाढीही गेली. पांढरे खुंट वाढले, मग त्यांची झाली झुडपं. आप्पांनी आरशावर टॉवेल टाकला. फिजिओथेरपीवाल्यालाही भिंतीकडे तोंड करून हात द्यायचे.

आमच्याकडे लग्नात वंदनेच्या आधी घरातल्या थोरल्या माणसानं मेणबत्ती लावायची असते. शिवानीनं आधीच सांगून टाकलं होतं, माझ्या लग्नात मेणबत्ती आजोबाच लावणार. लहानपणी तिला वाचनालयात नेऊन चित्रांची पुस्तकं दाखवणारा हा म्हातारा, त्याच्यावर तिचा आमच्यापेक्षा जास्त जीव. आणि आप्पांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, “म्या न्हाई येत लग्नाला.”

“का, आजोबा?”

“असल्या तोंडानं बाबासाहेबांच्या फोटोफुडं उभा ऱ्हाऊ व्हय? तुमी जावा. म्या घरी हाय.”

“मग दाढी करू ना आपण!”

“नक्को,” आप्पा म्हणाले. हैदराबादेत एकदा ‘नक्को’ म्हटलं की पुढे काही उरत नाही.

शिवानी रडत आतल्या खोलीत गेली. आणि मी? मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दाढीच्या हत्यारांचा एवढा मोठा अभ्यास, आणि अखेर घरात एक केस आली. मी म्हटलं, हे माझ्यावर सोडा. गीतानं कपाळाला हात लावला.

पहिल्यांदा मी कोपऱ्यावरच्या सलूनमधला कारागीर घरी बोलावला. त्यानं आप्पांच्या मागे उभं राहून गळ्याभोवती चादर बांधली आणि हनुवटी धरून मान वर केली. “चाचा, बस आँखां बंद करके बैठो,” तो प्रेमानं म्हणाला. आप्पांनी डोळे बंद केले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं ती चादर ओढून डोक्यावरून घेतली आणि आत बसून राहिले. कारागिरानं थोडा वेळ वाट पाहिली, चहा घेतला आणि गेला.

मग मी पाच पात्यांचा रेझर आणला. आप्पांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, त्यांच्या गळ्यात टॉवेल खोचला आणि समजावून सांगायला लागलो. पात्यांच्या वर ही हिरवी पट्टी आहे ना आप्पा, ती ओली झाली की बुळबुळीत होते. आणि मागच्या बाजूला हे एकटं पातं आहे ना, ते नाकाखाली आणि कल्ल्यांपाशी. लोकांना हे माहीतच नसतं. रेझरचं डोकं हलतं का, तर जबड्याच्या वळणावर… एवढ्यात आप्पांनी मान काढून घेतली.

“झालं तुझं?”

“अजून सुरुवात कुठं केली?”

“तेच म्हन्तो,” आप्पा म्हणाले आणि उठून पलंगावर जाऊन पडले.

त्यांचा स्वतःचा जुना रेझर कपाटात होता. पितळी, जड, खालची मूठ फिरवली की वरचं झाकण सुटणारा. तो मी मुद्दाम मागे सरकवून ठेवला होता. एवढी प्रगती झालेली असताना कशाला ते जुनाट? मी सुलतान बाजारात गेलो, शिवानीच्या बांगड्या आणायच्या होत्या त्या विसरलो आणि एक झकपक ट्रिमर घेऊन आलो. घरी सगळ्यांना गोळा केलं. ही चाकी फिरवली की दाढी किती ठेवायची ते ठरतं, ही जाळी काढली की बारीक कोरता येतं, आणि हे बटण… बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. एक लाल दिवा लागला आणि विझला. रात्रभर चार्जिंगला लावला. सकाळीही तेच. मी दुकानदाराला फोन करून असा फैलावर घेतला की बिचारा ‘ले आओ साब, बदल देतूं’ असं म्हणत राहिला. ग्रुपवर मी ‘हल्लीच्या वस्तूंचा दर्जा’ या विषयावर मोठा मजकूर टाकला.

गीता भाजी चिरत होती. ट्रिमर तिच्या वाटेत होता म्हणून तिनं तो उचलला, त्यावरच्या खुणेकडे पाहिलं आणि बटण नुसतंच दाबून धरलं. ट्रिमर गुरगुरायला लागला.

“कुलूप होतं,” ती म्हणाली. “बॅगेत आपोआप सुरू होऊ नये म्हणून. इथं कुलपाचं चित्र आहे.” आणि ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

मी ग्रुपवरचा मजकूर काढून टाकला, पण संघपालनं त्याचा फोटो काढून ठेवला होता.

ट्रिमरही आप्पांनी लावू दिला नाही. त्याच्या आवाजानं दात शिरशिरतात म्हणाले. लग्नाचा आदला दिवस उजाडला. शिवानीच्या हळदीला मुली गोळा झाल्या होत्या, आणि आप्पा खोलीचं दार लावून बसले होते. माझं डोकं फिरलं. आत जाऊन मी त्यांना बोललो. म्हणालो, आख्खं लग्न अडवून बसलाय तुम्ही. चार केसांसाठी पोरीला रडवताय. तुमच्यासाठी मी काय काय आणलं, एकदा तरी गाल पुढे केलात? आप्पा भिंतीकडे बघत राहिले.

मागे वळलो तर दारात शिवानी. गालाला हळद, डोळ्यांत पाणी.

“बाबा, तुम्ही ना एकदम हौलेपणा करता,” ती म्हणाली. “आजोबांना कधी विचारलंत, त्यांना काय पाहिजे? तुम्ही नुसते फीचर्स सांगता. प्लीज, थोडं शांत बसाल का?”

पोटच्या पोरीनं हळदीच्या दिवशी आपल्याला हौला, म्हणजे खुळा म्हणावं! मला वाईट वाटलं, खूप वाटलं. सगळ्यात वाईट म्हणजे, ती बरोबर बोलत होती.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी धावत होतो. मांडववाला, फुलंवाला, नांदेडहून येणारी बस. त्यातून मी पार्लरमध्येही जाऊन आलो होतो. वधूपित्याला शोभेल असा गाल करून घेतला होता, वर काहीतरी काकडीचं थापून घेतलं होतं. घरी आलो तर सगळे कपडे करून तयार आणि आप्पा बनियनवर पलंगाच्या काठाला बसलेले. गीतानं माझ्या हातात गरम पाण्याचा वाडगा दिला. वाडग्यात ब्रश होता, खांद्यावर पंचा टाकला, आणि कपाटाच्या मागून शोधून काढलेला तो पितळी रेझर तिनं माझ्या खिशात घातला.

“शेवटचं जाऊन बघा,” ती म्हणाली. “आणि एक शब्द बोलायचा नाही. एकसुद्धा नाही.”

मी आत गेलो. खरं सांगतो, मला काही सुचलं होतं म्हणून मी तसं बसलो नाही. माझे गुडघे दुखत होते, एवढंच. पलंगासमोर चौरंगासारखा एक ठेंगणा पाट होता, त्यावर मी बुडावर आदळलो. वाडगा मांडीजवळ ठेवला. आता आप्पांचं तोंड माझ्या तोंडासमोर, जरासं वर. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकलेले. बोलायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे मी नुसता बघत राहिलो. आप्पाही बघत राहिले. एवढ्या जवळून मी त्यांना किती वर्षांत बघितलं नव्हतं. दाढीच्या आत गाल किती बसले होते.

“आता बसलास का बरुबर,” आप्पा म्हणाले. आणि त्यांनी गाल पुढे केला.

मी फेस केला, ब्रश फिरवला. रेझरला नवं पातं घातलं. पात्याखालच्या पट्टीला दाते आहेत, हे मला तेव्हा दिसलं. आमच्या घरात हा रेझर माझ्याआधीपासून होता आणि मला ते कधीच दिसलं नव्हतं. असे दाते का असतात, ते मला ठाऊक होतं. वाढलेले केस आणि फेस त्या फटींतून पात्यापर्यंत सरळ जातात, तुंबत नाहीत. म्हणजे एवढ्या वाढलेल्या दाढीला हाच रेझर हवा होता, पाच पात्यांचा नव्हे आणि ट्रिमर तर नव्हेच. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. दारामागे गीता उभी आहे, हे मला माहीत होतं. मी गिळलं.

पहिला पट्टा कानापासून जबड्यापर्यंत ओढला. खर्र असा आवाज आला. खालून आप्पांची कातडी दिसली, मऊ, गुलाबीसर. मी रेझर वाडग्यात बुचकळला. तेवढ्या वेळात आप्पा बोलले. पुढचा पट्टा ओढताना ते थांबले, रेझर पाण्यात गेला की पुन्हा बोलले. असं तुकड्यातुकड्यानं त्यांनी सांगितलं. मी मधे काहीच बोलत नव्हतो, म्हणून त्यांना सांगता आलं.

गावात न्हावी आमच्या माणसांना हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचून माहीत होतं, आप्पांकडून नाही. मग आमचे लोक काय करायचे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“आमी एकमेकाची करायचो,” आप्पा म्हणाले. “लिंबाखाली. समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा. मागं कुनी उभं ऱ्हायचं न्हाई. मागं उभा ऱ्हातो तो गडी, न्हाईतर मालक.”

खर्र. पाणी.

“येक वस्तरा, तो बी बोथट. म्हून करताना बोलायचं न्हाई. हसलं की रगत.”

खर्र. पाणी.

“आन येकानं केली की दुसऱ्यानं करायची. नुसती करून घ्यायची न्हाई. मह्या बापानं मही केली, म्या त्याची केली. मंग मला हैदराबादच्या गाडीत बसवलं.” त्यांनी दुसरा गाल पुढे केला. “हितं आलो तवा समोर बसाया कुनी नव्हतं. म्हून आरसा घेतला.”

रोज सकाळी मोरीपाशी तो एवढासा आरसा खिळ्याला लावून दाढी करणारे आप्पा मी बघत मोठा झालो. मला वाटायचं, हा माणूस टापटिपीचा आहे. ते त्या आरशात कोणाला समोर बसवत होते, हे मला कधी कळलं नाही. मी रेझर पुसला. दाढी झाली होती. आप्पांनी डावा तळहात दोन्ही गालांवरून फिरवला, हनुवटीखाली फिरवला आणि मान हलवली.

मी पाटावरून उठायला लागलो.

“कुठं?” आप्पा म्हणाले. “आता तुही.”

“आप्पा, माझी झालीय,” मी म्हणालो. एवढं बोलणं भाग होतं. “सकाळी पार्लरमध्ये…”

“पार्लर ऱ्हाऊ दे. बस.”

त्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला आणि माझ्या काकडी लावलेल्या गालाला फेस फासला. निम्मा कानात गेला. मग डाव्या हातात रेझर आणि त्या हाताला आधार म्हणून खाली तो उजवा, जोर नसलेला हात. दोन्ही हात मिळून कापत कापत माझ्या तोंडाकडे येत होते. मी शपथेवर सांगतो, मला भयंकर भीती वाटली. तासाभरात माझ्या मुलीचं लग्न होतं. दोनशे माणसं, फोटोवाला, व्हिडिओवाला. उठून जाता आलं असतं. पण आप्पांचे डोळे माझ्या गालावर असे लागले होते, जसे झटका आल्यापासून कशावरच लागले नव्हते. मी गाल पुढे केला.

उजवा गाल सुखरूप पार पडला. हनुवटीच्या वळणावर हात घसरला. चरचरलं, आणि पांढऱ्या फेसात लाल धार उतरली. दारामागून गीता ‘अगं बाई’ करत आत आली. आप्पा घाबरले नाहीत. “तुरटी आन,” ते तिला म्हणाले, आणि तुरटी आल्यावर त्यांनी स्वतः ती माझ्या हनुवटीवर दाबून धरली. मी ओरडलो.

“बोलायचं न्हाई,” आप्पा म्हणाले. आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तुरटीनं झोंबलं म्हणून, असं मी गीताला सांगितलं. गीतानं मला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. गाडी खाली उभी होती.

आप्पांनी पांढरा सदरा घातला, पांढरं धोतर नेसले. हॉलमध्ये शिवानी आणि आमचे जावई मिलिंद पांढऱ्या कपड्यांत उभे होते. आप्पा येताना दिसले तशी शिवानी सगळं सोडून त्यांच्याकडे धावली आणि त्यांच्या गालाला गाल लावला. आप्पांनी डाव्या हातात काडी धरली, उजवा खालून टेकवला आणि मेणबत्ती लावली. ज्योत जरा वेळानं धरली, पण धरली.

मी बाजूला उभा होतो, हनुवटीवर कापसाचा हा एवढा बोळा चिकटवलेला. अल्बममध्ये बघा, प्रत्येक फोटोत तो बोळा आहे. नामदेवराव माझ्याजवळ सरकले, वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “अमरदीपजी, जुना रेझर वापरता वाटतं? ते पाच पात्यांचं घ्या. त्याला मागून एक वेगळं पातं असतं, ते कशासाठी असतं माहितीये का?”

मला माहीत होतं. मी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

जेवणाच्या पंगतीत आप्पांच्या शेजारी बसलो. त्यांना घास भरवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि डाव्या हातानं जिलबी उचलली. मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

“रविवारी लवकर ऊठ,” आप्पा म्हणाले. “तुहा डावा गाल ऱ्हायला.”